दिवा कधी लागला?

जुलैचा दुसरा रविवार. सकाळी सहाला कराड सोडलं. गाडीत मी आणि माझा दहा वर्षांचा मुलगा. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे त्या पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी चिपळूणला माहेरी फेरी ठरलेली. पाटण, कोयनानगर मागे पडलं, हेळवाक सोडून कुंभार्ली घाट उतरायला लागलो आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर मुलगा म्हणाला, "आई, लाल लागला!"

मी बघेपर्यंत डॅशबोर्डवरचा तो दिवा गेला होता. पुढच्या वळणावर मात्र मलाही दिसला. गोलात उद्गारचिन्ह, दोन्ही बाजूंना कंसासारख्या रेघा, रंग लालभडक. वळण संपून गाडी सरळ झाली की विझायचा, पुढचं वळण आलं की पुन्हा लागायचा.

पोटात गोळा आला. पाऊस, धुकं, उतार आणि ब्रेकचा लाल दिवा. कठड्यालगत जरा रुंद जागा मिळाली तिथे थांबले. हँडब्रेक अर्धवट राहिला असेल म्हणून ओढून पुन्हा पूर्ण सोडला, फरक नाही. पेडल दाबून धरलं. नेहमीसारखं घट्ट, पाय खाली खाली जात नव्हता. मग बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलची पांढरट डबी मागच्या कोपऱ्यात असते आणि तिच्यावर वरची आणि खालची अशा दोन खुणा असतात. गाडीचं नाक उताराकडे असल्यामुळे तेल एका कडेला कललं होतं आणि दुसऱ्या कडेला ते खालच्या खुणेच्याही खाली होतं. चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारून बघितलं, तेलाचा ओघळ कुठे नव्हता. पेडल जराही मऊ लागलं असतं, तर गाडी तिथून एक फूटही हलवली नसती. घट्ट होतं म्हणून दुसऱ्या गिअरमध्ये, इंजिनाच्या ओढीवर, ब्रेक अगदी जपून वापरत पोफळीपर्यंत आले. सपाटीवर दिवा एकदाही लागला नाही.

मुलाने मागच्या सीटवर चित्रकलेची वही काढून लिहिलं: "घाट. वळणावर लाल. सरळ रस्त्यावर नाही." पुढे महिनाभर तो ही नोंद ठेवत राहिला. त्या नोंदीमुळे माझे 42,000 रुपये वाचले, ते पुढे येईलच.

चिपळूणला भाऊ म्हणाला, "ऑइल कमी झालंय, वरून टाक आणि मोकळी हो." बाटली विकत आणायला निघालोही होतो. पण शेजारच्यांनी जुने मेस्त्री सुचवले, म्हणून गाडी आधी त्यांच्याकडे नेली. त्यांनी डबीकडे नुसती नजर टाकली आणि म्हणाले, "ताई, ऑइल गेलं कुठं ते आधी बघूया. वर ओतून काय होणार?"

पुढचं चाक काढलं. माझ्या गाडीला पुढे डिस्क, मागे ड्रम आहे. डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटा घेणारे पॅड असतात. नव्या पॅडवरचा घासणारा थर साधारण दहा मिलिमीटर असतो. माझा बाहेरचा तीनच्या आसपास होता आणि आतला त्याहून कमी. आतला पॅड चाक काढल्याशिवाय नीट दिसत नाही आणि मी तो कधी बघितलाच नव्हता. पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ असते. थर संपत आला की ती डिस्कला टेकते आणि कर्कश आवाज करते. तो आवाज मला आठ दिवस येत होता. पावसाचं पाणी लागलं असेल, असं मी धरून चालले होते.

पॅड झिजला की त्याला दाबणारा पिस्टन तेवढा पुढे सरकून राहतो. पिस्टनच्या मागे जी जागा तयार होते, तिथे डबीतलं तेल जाऊन बसतं. म्हणजे गळती कुठेच नाही आणि तरी डबीतली पातळी महिन्यामहिन्याला खाली. डबीत तरंगणारा एक फ्लोट असतो, तो ठरावीक पातळीखाली गेला की लाल दिवा. माझी पातळी नेमकी त्या रेषेवर आली होती. सपाटीवर फ्लोट जेमतेम वर, वळणावर तेल कललं की खाली. घाट आला म्हणून मला चार-आठ दिवस आधी कळलं.

मेस्त्रींनी पिस्टन हळूहळू मागे दाबला तेव्हा त्यांनी मला बॉनेटपाशी उभं केलं. "आता डबीकडे बघा." एक थेंबही न घालता तेल वर चढत वरच्या खुणेजवळ आलं. भावाचं ऐकून मी आधी डबी भरली असती, तर हे तेल उतू जाऊन खाली सांडलं असतं. ब्रेक ऑइल रंगावर पडलं की रंग खातं, हेही त्यांनीच सांगितलं. पण त्याहून वाईट म्हणजे लाल दिवा विझला असता, आणि संपलेल्या पॅडवर मी तोच घाट पुन्हा उतरले असते.

मग त्यांनी विचारलं, "ब्रेक ऑइल कधी बदललंय?" 2020 ची गाडी, एकदाही बदललं नव्हतं. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. माझ्या गाडीला डॉट 4 दर्जाचं तेल लागतं. ते नवं असताना 230 अंशांच्या खाली उकळत नाही, ओलावा शोषलेल्या तेलाचा उकळबिंदू मात्र 155 अंशांपर्यंत उतरू शकतो. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून डिस्क तापली आणि तेलात वाफेचे बुडबुडे झाले, तर पेडल दाबल्यावर तेलाऐवजी बुडबुडेच दबतात आणि पाय सरळ खाली जातो. दर दोन वर्षांनी तेल बदला असं गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं ते यासाठी. ते पुस्तक माझ्या डॅशबोर्डच्या कप्प्यात प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरच आलं नव्हतं.

तेल बदलताना पेडलवर मला बसवलं. ते चाकामागे आडवे पडून सांगत होते, "दाबा... धरा... सोडा. दाबा... धरा." प्रत्येक चाकाला पंधरा-वीस वेळा. नळीतून आधी कोऱ्या चहासारखं काळपट तेल आलं, मग हळूहळू मधासारखं स्वच्छ. शेवटी त्यांनी पुढचं डावं चाक हवेत असतानाच हाताने फिरवलं, दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर टेकवली आणि थांबले. माझीही बोटं तिथे ठेवायला लावली. चाक फिरताना स्प्रिंगमध्ये बारीक घरघर जाणवत होती. उजव्या बाजूला तीच स्प्रिंग शांत. "बेअरिंग गेलंय. इथं मिळणार नाही, कराडला गेल्यावर टाकून घ्या. पंधरा दिवस काही होत नाही, पण विसरू नका."

परतीच्या वाटेवर दुसरा दिवा दिसला. घाट चढत होते, एका वळणावर दरडीची लाल माती रस्त्यावर वाहून आली होती. चाकं त्यावर आली आणि पिवळा दिवा भराभर लुकलुकला: मागून दिसणारी गाडी आणि तिच्याखाली दोन नागमोडी रेघा. त्याच क्षणी इंजिनाचा जोर कमी झाल्यासारखा वाटला. कालच ब्रेकची एवढी कामं करून आलेली मी, घाबरले. काहीतरी जोडायचं राहिलं असं वाटलं. स्टिअरिंगच्या उजव्या बाजूला तेच चित्र असलेलं बटण होतं. दिवा बंद व्हावा म्हणून ते दाबून धरलं. लुकलुकणं थांबलं, त्याऐवजी त्याच चित्राखाली 'ऑफ' लिहिलेला दिवा स्थिर लागला आणि पुढच्या चिखलावर पुढची चाकं जागच्या जागी फिरली. गाडीचं नाक हातभर बाहेरच्या बाजूला सरकलं. समोरून कोणी येत नव्हतं.

रात्री घरी आल्यावर ते पुस्तक पिशवीतून काढलं आणि दिव्यांचं प्रकरण दोनदा वाचलं. मी नेमकं उलटं केलं होतं. लुकलुकणारा दिवा बिघाड सांगत नव्हता. चाक घसरायला लागलंय, मी सावरतोय, तू पाय हलका कर, एवढंच त्याचं म्हणणं होतं. इंजिनाचा जोर त्यानेच कमी केला होता. तोच दिवा न लुकलुकता स्थिर राहिला तर यंत्रणेत दोष आहे, आणि 'ऑफ' लिहिलेला असेल तर ती आपणच बंद केलीय. चित्र एकच, पण अर्थ तीन. त्या बटणाचा खरा उपयोग गाडी चिखलात रुतल्यावर. तिथे बाहेर पडायला चाक थोडं फिरावं लागतं आणि यंत्रणा ते फिरू देत नाही. बाहेर पडलं की लगेच पुन्हा चालू करायची.

त्यानंतरचे दोन-चार दिवस मी या विषयावर मिळेल ते वाचत होते. माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे एखादी गोष्ट चालते कशी हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. एबीएस, ट्रॅक्शन कंट्रोल आणि ईएससी ही तीन वेगळी यंत्रं असतील असा माझा समज होता. प्रत्यक्षात एका गोष्टीवर तिघांचीही मदार आहे: प्रत्येक चाक या क्षणी किती वेगाने फिरतंय. ब्रेक दाबल्यावर एखादं चाक फिरायचंच थांबायला लागलं, तर एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सोडतो आणि पुन्हा धरतो, सेकंदाला कितीतरी वेळा, म्हणजे घसरतानाही स्टिअरिंग वळवता येतं. उलट एखादं चाक इतरांपेक्षा जास्त फिरायला लागलं, तर ट्रॅक्शन कंट्रोल त्याला आवरतो. आणि स्टिअरिंग एकीकडे, गाडी दुसरीकडे असं झालं, तर ईएससी एखाद्याच चाकाचा ब्रेक लावून गाडीला जागेवर आणतो. चढावर गाडी मागे न सरकू देणारा हिल होल्डही याच यंत्रणेतून ब्रेक धरतो.

आज ज्या रूपात आहे तो इलेक्ट्रॉनिक एबीएस 1978 मध्ये मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशने बनवून दिला. 1997 मध्ये मर्सिडीजचीच छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या एका चाचणीत, रस्त्यात अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला चुकवल्यासारखी वळवताना, उलटली. त्यानंतर कंपनीने त्या छोट्या गाडीतही ईएससी ही स्थिरता सांभाळणारी यंत्रणा सरसकट बसवली. आपल्याकडे नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचा झाला तो 2019 च्या एप्रिलपासून. माझ्या वडिलांनी आयुष्यभर हा घाट त्याशिवाय चालवला, हे वाचताना पहिल्यांदा जाणवलं.

पुढच्या सोमवारी कराडच्या एका गॅरेजमध्ये डाव्या चाकाचं बेअरिंग टाकून घेतलं. संध्याकाळी गाडी घेतली, चावी फिरवली, सगळे दिवे लागले आणि तीन-चार सेकंदांत विझले. हे दिवे दर वेळी असे लागलेच पाहिजेत हे एव्हाना मला माहीत होतं. चावी फिरवल्यावर एखादा दिवा लागलाच नाही, तर तो वेळेलाही लागणार नाही. गॅरेजमधून निघाले, घरघर पूर्ण गेली होती. शाळेच्या कोपऱ्यावर पोचले, तोच एकामागून एक तीन पिवळे दिवे लागले आणि तसेच राहिले: एबीएस, नागमोडी रेघांची गाडी आणि हिल होल्ड.

परत गॅरेजमध्ये गेले. मिस्त्री म्हणाले, "सेन्सरचं काम आहे, कंपनीतच दाखवा." दुसऱ्या दिवशी सर्व्हिस सेंटरला जॉबकार्ड झालं. स्कॅनर लावला, डाव्या पुढच्या चाकाचा वेग मिळत नाही असा बिघाडाचा कोड आला. चाकाचा वेग मोजणारा सेन्सर बदलला, 3,400 रुपये. कोड पुसला, दिवे गेले. त्यांच्या फाटकातून बाहेर पडून हमरस्त्याला लागले आणि तिन्ही दिवे हजर. पुन्हा आत. या वेळी सल्लागार म्हणाले, "मॅडम, मग एबीएसचं मॉड्यूलच गेलंय. 42,000 आणि लेबर वेगळं." मी विचारलं, मॉड्यूलच, म्हणजे एबीएसचा कंप्युटरच गेला हे कसं ठरवलं? सेन्सर नवा टाकूनही दिवा जात नाही म्हणजे मॉड्यूलच, असं उत्तर मिळालं. आधी बेअरिंग बदललंय हे मी दोनदा सांगितलं. जॉबकार्डवर ते कोणी लिहिलं नाही. मला याचा राग आला आणि अजूनही येतो. माणूस डॉक्टरकडे जातो तेव्हा आधी काय झालं होतं ते डॉक्टर विचारतो. गाडीला तेवढंही कोणी विचारू नये? जुना सेन्सर मागून घेतला आणि गाडी घरी आणली.

तीन पिवळे दिवे असताना साधे ब्रेक चालत होते, हे खरं. पेडलपासून चाकापर्यंतचा तेलाचा मार्ग शाबूत होता. पण ओल्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारायची वेळ आली असती, तर चाकं घसरून स्टिअरिंग निरुपयोगी झालं असतं. गावात अंतर ठेवून, हळू चालवली. घाटात नेली नाही. त्या पंधरवड्याला आईकडे एस.टी.ने गेलो.

शाळेतल्या एका सरांनी कोल्हापूर नाक्याकडच्या ऑटो इलेक्ट्रिशियनचं नाव सांगितलं. टपरीएवढं दुकान, आत दोन बॅटऱ्या चार्जिंगला, टेबलावर वायरींचा गुंता आणि एक चांगला स्कॅनर. हा स्कॅनर महत्त्वाचा. फोनला जोडायचं पाचशे-हजाराचं यंत्र मीही मागवलं होतं, पण ते बहुतेक इंजिनाचेच कोड वाचतं, एबीएसच्या पेटीपर्यंत पोचत नाही.

त्यांनी बॉनेटही उघडलं नाही. पहिला प्रश्न विचारला, "दिवा कधी लागला? चावी फिरवल्यावर का गाडी हलल्यावर?"

एवढ्या दिवसांत हे पहिल्यांदा कोणीतरी विचारत होतं. मी मुलाची वही पुढे केली. "सोमवार. गॅरेजच्या दारात: सगळे विझले. शाळेचा कोपरा: तीन पिवळे. मंगळवार. शोरूमच्या आत: दिवे नाहीत. बाहेर हमरस्ता: तीन पिवळे." त्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि मुलाच्या पाठीवर हात ठेवला.

मग समजावलं. सेन्सरची वायर तुटली असेल किंवा सेन्सरच जळला असेल, तर गाडी उभी असतानाच कंप्युटरला ते कळतं, कारण चावी फिरवली की तो प्रत्येक सेन्सरमधून करंट जातोय का ते तपासतो. तसं असतं तर कोड पुसल्यावर दिवे जागेवरच परत आले असते. इथे गाडी उभी असेपर्यंत सगळं ठीक. गाडी हलली, तीन चाकांनी वेग सांगितला आणि चौथं गप्प बसलं, तेव्हा कुठे कंप्युटरला कळलं की काहीतरी चुकतंय. म्हणजे वायर बरी, सेन्सर बरा, मॉड्यूलही बहुधा बरं. सेन्सर बघतोय, पण त्याला दिसायला समोर काहीच नाही.

त्यांचा मुलगा गाडी चालवायला बसला, मी शेजारी स्कॅनर घेऊन. पडद्यावर चार चाकांचे चार आकडे. गाडी हलली तसे ते वाढायला लागले: 8, 8, 8 आणि 0. मग 19, 20, 19, 0. वळणावर बाहेरच्या चाकाचा आकडा आतल्यापेक्षा एक-दोनने जास्त होत होता आणि सरळ झाल्यावर पुन्हा सगळे सारखे. डावं पुढचं मात्र शून्यच. ते बघताना मला खूप बरं वाटलं. इतके दिवस नुसतं दिव्याकडे बघत होते, आता तो कशामुळे लागतो ते आकड्यांत समोर होतं.

दुकानात आल्यावर त्यांनी डाव्या चाकाचा सेन्सर एक बोल्ट खोलून बाहेर काढला. बोटाएवढी काळी प्लास्टिकची नळी, टोक स्वच्छ. ड्रॉवरमधून एक टाचणी घेतली, तिला शिवणाचा दोरा बांधला आणि सेन्सरच्या भोकातून आत सोडली. टाचणी आत लोंबकळली, वर ओढली तशी सुटी वर आली. मग उजव्या चाकाचा सेन्सर काढला, टाचणी त्या भोकातून सोडली. आत टुक आवाज झाला आणि ओढताना दोरा किंचित ताणला गेला. टाचणी चिकटली होती.

मी शाळेत चुंबक आणि टाचण्यांचा प्रयोग दरवर्षी करते. त्यांनी पुढे काही बोलायच्या आतच माझ्या लक्षात आलं. बेअरिंगच्या एका कडेला रबरासारखी दिसणारी काळी कडी असते आणि तिच्यात उत्तर-दक्षिण, उत्तर-दक्षिण अशी बारीक चुंबकांची रांग असते. चाक फिरलं की ही रांग सेन्सरसमोरून सरकते आणि सेन्सर ते बदल मोजून वेग सांगतो. बेअरिंगच्या दुसऱ्या कडेला नुसतं साधं सील. दोन्ही कडा दिसायला जवळजवळ सारख्या. माझं बेअरिंग उलटं बसलं होतं. चुंबकाची कड बाहेर चाकाकडे आणि साधं सील सेन्सरसमोर. बेअरिंग म्हणून ते उत्तम चालत होतं, म्हणून घरघर गेली. सेन्सरसाठी तिथे काहीच नव्हतं. चांगला सेन्सर काढून टाकला होता आणि चांगलं मॉड्यूल बदलायला निघाले होते.

बाकीच्या कारणांबद्दल ते हात पुसत पुसत बोलले. पार्किंगमध्ये उंदरांनी वायर कुरतडणं, एका चाकाला वेगळ्या मापाचा टायर, पेडलखालचा ब्रेकचा स्विच खराब होणं, बॅटरी अगदी उतरलेली असणं. या सगळ्यांत हेच पिवळे दिवे लागू शकतात आणि दर वेळी लागण्याची वेळ निराळी असते. एक गोष्ट मात्र त्यांनी थांबून, माझ्याकडे बघून सांगितली. एबीएसच्या पिवळ्याबरोबर ब्रेकचा लालही लागला, तर गाडी चालवत आणायची नाही, फोन करायचा. पुढच्या आणि मागच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटून देणारी ईबीडी यंत्रणाही तेव्हा बंद पडलेली असू शकते, आणि जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाकं आधी अडकली तर गाडी गर्रकन फिरते.

त्याच गॅरेजमध्ये परत गेले. भांडायचं ठरवून गेले होते. मिस्त्रींना टाचणी दाखवली, तशी त्यांनी नव्या बेअरिंगचं खोकं मागवलं, दोन्ही कडांना टाचणी लावून बघितली आणि बराच वेळ गप्प राहिले. "वीस वर्षं बेअरिंग दाबतोय मॅडम. जुन्या गाड्यांना कुठनंबी घातलं तर चालायचं. ही कड कुणी सांगितलीच न्हाई." दाबून बसवलेलं बेअरिंग काढताना खराब होतं, म्हणून 1,850 रुपयांचं नवं लागलं. ते त्यांनी स्वतःच्या खिशातून आणलं आणि मजुरीही घेतली नाही. मला भांडता आलं नाही.

काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनने कोड पुसला. चावी फिरवली, सगळे दिवे लागले, सगळे गेले. शाळेचा कोपरा गेला. वीस, तीस, चाळीस. मुलगा मागून एकेक आकडा मोठ्याने वाचत होता. पुढे एका रिकाम्या, ओल्या रस्त्यावर त्यांनी मला सांगितलं, मागे कोणी नाही बघा आणि चाळीसवर ब्रेक पूर्ण दाबा, पाय उचलू नका. पेडलने पायाखाली धडधड लाथा मारल्यासारखं केलं, घरघराट झाला आणि गाडी सरळ रेषेत थांबली. चार वर्षं गाडी चालवून हा धक्का मी पहिल्यांदा अनुभवला. आधी कधी रस्त्यावर तो अचानक जाणवला असता, तर मी घाबरून पाय काढला असता. आणि नेमका तेव्हाच पाय काढायचा नसतो.

सप्टेंबरात मागच्या टायरमध्ये हवा कमी वाटली म्हणून त्या गॅरेजमध्ये गेले होते. बेअरिंग दाबायच्या प्रेसच्या खांबावर, कॅलेंडरशेजारी, सायकलच्या ट्यूबचा एक तुकडा चिकटवलेला आणि त्यात दोऱ्यासकट एक टाचणी खोचलेली. मिस्त्री कुठल्याशा पांढऱ्या गाडीचं बेअरिंग खोक्यातून काढून हातात उलटसुलट करत होते. मला बघितलं, मान हलवली आणि टाचणीकडे हात नेला.